आधी निकष, मग क्रमवारी

७ डिसेंबर २०२५ रोजी अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलच्या अजिंक्यपदासाठी झुंजणाऱ्या बारा संघांची नावे जाहीर झाली. शेवटच्या जागेसाठी प्रामुख्याने दोन नावांची चर्चा होती: फ्लोरिडातील मायामी विद्यापीठ आणि इंडियाना राज्यातील नोटर डेम विद्यापीठ. दोघांची कामगिरी आकड्यांत अगदी सारखी होती. बारा सामने, दहा विजय, दोन पराभव. २ डिसेंबरच्या यादीत नोटर डेम दहाव्या स्थानी होते आणि मायामी बाराव्या. त्यानंतरच्या शनिवारी या दोघांपैकी एकही संघ मैदानात उतरला नाही. तरीही रविवारच्या अंतिम यादीत मायामी दहाव्या स्थानी आले, नोटर डेम अकराव्या स्थानी घसरले आणि स्पर्धेबाहेर राहिले. संतापलेल्या नोटर डेमने त्यानंतर दुय्यम दर्जाच्या सामन्यात खेळण्यासही नकार दिला.

निवड समितीकडे या बदलाचे कारण होते. हंगामाच्या प्रारंभी, ३१ ऑगस्ट रोजी मायामीने नोटर डेमला २७-२४ असे हरवले होते. कारण रास्त वाटते. परंतु तो निकाल काही डिसेंबरात लागलेला नव्हता. समिती नोव्हेंबरच्या आरंभापासून दर आठवड्याला यादी प्रसिद्ध करत होती आणि त्या प्रत्येक यादीत नोटर डेमला मायामीच्या वर ठेवत होती. मग तीन महिन्यांपूर्वीचा निकाल शेवटच्या रविवारीच का आठवला? समितीचे स्पष्टीकरण असे की, दोघांच्या मध्ये असलेला ब्रिघम यंग विद्यापीठाचा संघ शनिवारी गटाच्या अंतिम सामन्यात हरला, तो खाली गेला आणि मायामी व नोटर डेम प्रथमच लागोपाठच्या क्रमांकांवर आले. दोन संघ शेजारी आल्यावर त्यांची थेट तुलना झाली आणि त्यात आपसातला निकाल निर्णायक ठरला.

म्हणजे मायामीने मिळवलेल्या विजयाचे मोल एका तिसऱ्याच संघाच्या पराभवावर अवलंबून राहिले. ब्रिघम यंग जिंकला असता तर तोच विजय कदाचित दुर्लक्षित राहिला असता. हा निर्णय चूक होता असे मानण्याचे कारण नाही. किंबहुना समान कामगिरीच्या दोन संघांत आपसातला निकाल पाहणे हे बहुतेकांना न्याय्यच वाटेल. खटकते ते हे की, कोणता निकष केव्हा लागू होणार हे खेळणाऱ्यांना आधी ठाऊक नव्हते. महाविद्यालयीन फुटबॉलच्या क्रमवारीचा जवळजवळ नव्वद वर्षांचा वाद या एका मुद्द्याभोवती फिरत आला आहे.

गुणतक्ता का चालत नाही

गोव्यात फुटबॉल म्हटले की पायाने खेळायचा गोल चेंडू डोळ्यांपुढे येतो. अमेरिकेत त्याच नावाने ओळखला जाणारा खेळ वेगळा आहे; लंबगोल चेंडू हातात घेऊन प्रतिस्पर्ध्याच्या हद्दीत घुसण्याचा. खेळ वेगळा असला तरी प्रश्न गोमंतकीय क्रीडारसिकाला परका नाही. आय-लीगमध्ये २०२४-२५ च्या हंगामात बारा संघ होते. प्रत्येक संघ उरलेल्या प्रत्येक संघाशी दोनदा खेळला आणि २२ सामन्यांनंतर गुणतक्ता तयार झाला. प्रत्येकाचे प्रतिस्पर्धी तेच असल्यामुळे नुसते गुण मोजले तरी तुलना न्याय्य ठरते.

अमेरिकेत ही सोय नाही. महाविद्यालयीन फुटबॉलच्या सर्वोच्च श्रेणीत २०२५ मध्ये १३६ विद्यापीठांचे संघ होते. त्यांच्या संभाव्य जोड्या होतात ९,१८०. खेळ अंगावर घाव घेण्याचा, त्यामुळे आठवड्याला एकच सामना आणि नियमित हंगामात प्रत्येकी बाराच सामने. परिणामी शंभर संभाव्य जोड्यांपैकी जेमतेम आठ-नऊ जोड्या प्रत्यक्ष समोरासमोर येतात. त्यातही बहुतेक सामने विद्यापीठांच्या आपापल्या गटांत होतात. या गटांना तिकडे कॉन्फरन्स म्हणतात. काही गट बलाढ्य आणि श्रीमंत, काही दुबळे. तेव्हा एका गटातले अकरा विजय आणि दुसऱ्या गटातले नऊ विजय यांत वजनदार कोणते, हे गुणतक्ता सांगू शकत नाही. कोणाला तरी ते ठरवावे लागते.

ते ठरवण्यात मोठी किंमत गुंतलेली असते. सध्याच्या पद्धतीत बारा संघांत निवड झालेल्या प्रत्येक संघामागे ४० लाख डॉलर मिळतात आणि पुढच्या प्रत्येक फेरीगणिक रक्कम वाढत जाते. इतरांना ती गटातल्या विद्यापीठांबरोबर वाटून घ्यावी लागते. नोटर डेमचा फुटबॉल संघ कोणत्याही गटाचा सदस्य नाही, त्यामुळे त्याचा तोटा थेट त्याच्याच तिजोरीला लागला. १ जुलै २०२५ पासून विद्यापीठांना खेळाडूंना स्वतःच्या उत्पन्नातून थेट मोबदला देण्याची मुभा मिळाली आहे आणि पहिल्या वर्षासाठी त्याची मर्यादा सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलर होती. अशा बाजारात दहावे आणि अकरावे स्थान यांतला फरक म्हणजे पुढच्या वर्षी चांगले खेळाडू मिळण्या-न मिळण्यातला फरक होय.

दोन प्रश्नांची सरमिसळ

क्रमवारीच्या वादात सहसा दोन वेगळे प्रश्न एकाच शब्दात गुंडाळले जातात. सर्वांत बलवान संघ कोणता, हा पहिला प्रश्न. तो भविष्याकडे पाहतो. उद्या सामना झाला तर कोण जिंकेल, याचा अंदाज मागतो. कोणत्या संघाने जागा कमावली, हा दुसरा प्रश्न. तो मागे पाहतो. कोणी कोणाला हरवले आणि ते किती अवघड होते, याचा हिशेब मागतो. दहावीच्या वर्गात सर्वांत हुशार विद्यार्थी कोण आणि परीक्षेत सर्वाधिक गुण कोणाचे, हे जसे दोन प्रश्न आहेत तसेच हे. दोन्ही विचारण्याजोगे आहेत, पण त्यांची उत्तरे नेहमी एकच निघत नाहीत.

२०२३ मध्ये ही फारकत उघड्यावर आली. त्या वेळी अजिंक्यपदासाठी चारच संघ निवडले जात. फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाने तेराही सामने जिंकले, आपल्या गटाचे विजेतेपद मिळवले. परंतु नोव्हेंबरात त्यांचा क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमणाची सूत्रे हलवणारा मुख्य खेळाडू, गंभीर जखमी झाला. त्याच्याशिवाय संघाने उरलेले दोन्ही सामने जिंकले, पण समितीने त्यांना पाचव्या स्थानी ठेवले आणि एक सामना हरलेल्या अलाबामाला चौथी जागा दिली. समितीच्या नियमावलीत महत्त्वाचा खेळाडू उपलब्ध नसणे विचारात घेण्याची मुभा होती. म्हणजे समितीने नियम मोडला नव्हता. तिने फक्त हंगामभर दुसरा प्रश्न विचारला जात असल्याचा समज राहू दिला आणि शेवटी पहिल्या प्रश्नाचे उत्तर दिले. तीन आठवड्यांच्या आत फ्लोरिडा स्टेटने स्वतःच्याच गटाविरुद्ध न्यायालयाची पायरी चढली.

पुढे ऑरेंज बोलच्या सामन्यात जॉर्जियाने फ्लोरिडा स्टेटचा ६३-३ असा धुव्वा उडवला. समितीचे बरोबरच होते, याचा पुरावा म्हणून हा निकाल अनेकांनी पुढे केला. परंतु अजिंक्यपदाची आशा संपल्यावर त्या संघातील अनेक प्रमुख खेळाडूंनी तो सामना खेळलाच नव्हता. ज्या निर्णयाने संघ खिळखिळा केला, त्याच निर्णयाचे समर्थन त्या खिळखिळ्या संघाच्या पराभवाने करणे हा तर्कदोष आहे.

सूत्रांचे वचन आणि त्यांची मर्यादा

माणसांच्या मतावर विसंबण्यापेक्षा गणिताकडे जावे, ही कल्पना अमेरिकेत नवी नाही. १९३६ पासून असोसिएटेड प्रेस ही वृत्तसंस्था क्रीडापत्रकारांच्या मतदानातून साप्ताहिक क्रमवारी प्रसिद्ध करते. कित्येक दशके देशाचा अजिंक्य संघ मैदानावर नव्हे, मतपत्रिकेवर ठरत असे. ही अवस्था बदलण्यासाठी १९९८ मध्ये ‘बीसीएस’ नावाने ओळखली जाणारी पद्धत आली. तिच्यात मतदान आणि संगणकीय क्रमवाऱ्या यांची बेरीज करून पहिले दोन संघ निवडले जात आणि त्यांच्यात अंतिम सामना होई.

२००१ मध्ये या बेरजेने नेब्रास्काला दुसरे स्थान दिले. त्या संघाने आपला अखेरचा सामना कोलोरॅडोविरुद्ध ६२-३६ असा गमावला होता आणि दोन्ही मतदानांत तो चौथा होता. अंतिम सामन्यात मायामीने त्याला ३७-१४ असे हरवले. २००३ मध्ये तर सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठ पत्रकार आणि प्रशिक्षक या दोघांच्याही मतदानात पहिले असताना बेरजेत तिसरे आले. अंतिम सामना लुइझियाना स्टेट आणि ओक्लाहोमा यांच्यात झाला, त्यात लुइझियाना स्टेट जिंकले. पत्रकारांनी मात्र सदर्न कॅलिफोर्नियालाच अजिंक्य ठरवले. एका वर्षी दोन विजेते झाले. पुढच्याच वर्षाच्या अखेरीस असोसिएटेड प्रेसने आपली क्रमवारी या बेरजेत वापरण्यास मनाई केली.

या अनुभवातून गणितालाच दोष देणे सोपे आहे. पण त्या सूत्रांतले एक जवळून पाहिले तर निराळे चित्र दिसते. खगोलशास्त्रज्ञ वेस्ली कॉली यांची पद्धत अशी: संघाच्या विजयांत एक मिळवायचा, सामन्यांच्या संख्येत दोन मिळवायचे आणि पहिल्या संख्येला दुसरीने भागायचे. एकही सामना न खेळलेल्या संघाला यातून निम्मा गुण मिळतो, म्हणजे तो ना चांगला ना वाईट असे गृहीत धरले जाते. बाराही सामने जिंकणाऱ्याला तेरा भागिले चौदा. त्यानंतर प्रत्येक संघाच्या गुणांत त्याच्या प्रतिस्पर्ध्यांचे गुण जमेस धरले जातात. ते गुणही त्यांच्या प्रतिस्पर्ध्यांवर अवलंबून असल्यामुळे सर्व संघांची समीकरणे एकाच वेळी सोडवावी लागतात. विद्यापीठाचे नाव, त्याचा इतिहास, दूरचित्रवाणीवरील लोकप्रियता यांना या हिशेबात थारा नाही.

या पद्धतीत किती गुणांनी जिंकले यालाही स्थान नाही आणि तिथे खरी पेचाची जागा आहे. विजयाचे अंतर पाहिले तर संघाच्या ताकदीचा अंदाज अधिक अचूक येतो. तीन गुणांनी निसटता विजय आणि चाळीस गुणांनी मिळवलेला विजय यांतून एकच गोष्ट कळते असे कोणी म्हणणार नाही. पण अंतराला बक्षीस दिले की सामना हातात आल्यानंतरही दुबळ्या प्रतिस्पर्ध्याला तुडवत राहण्याचा मोह होतो. म्हणूनच २००२ च्या हंगामापासून बीसीएसने संगणकीय क्रमवाऱ्यांतून विजयाचे अंतर वगळायला लावले. कोण बलवान, या प्रश्नासाठी अंतर हवे. कोणी कमावले, या प्रश्नासाठी विजय पुरेसा आहे. सूत्र कोणते चांगले हे सांगण्यापूर्वी प्रश्न कोणता हे सांगावे लागते, आणि ते काम गणित करत नाही.

कॉलींच्या पद्धतीचा आणखी एक गुण २०१० मध्ये दिसला. बीसीएसच्या सहा संगणकीय क्रमवाऱ्यांपैकी त्यांचीच रीत पूर्णपणे प्रसिद्ध केलेली होती. त्या वर्षाच्या अंतिम यादीत खालच्या श्रेणीतल्या एका सामन्याचा निकाल नोंदवायचा राहून गेल्याचे बाहेरच्या एका जाणकाराने ताडून पाहिले. तेवढ्याने दहाव्या आणि अकराव्या स्थानांवरील संघांची अदलाबदल झाली. चूक सापडली, मान्य झाली आणि सुधारली गेली. उरलेल्या पाच सूत्रांत अशी चूक असती तर ती बाहेरच्या कोणाला सापडली नसती. पारदर्शकतेने चुका टळतातच असे नाही, पण त्या दुरुस्त होऊ शकतात.

तेरा जणांची खोली

२०१४ पासून संगणकांची बेरीज बंद झाली आणि निवड तेरा जणांच्या समितीकडे आली. विद्यापीठांचे क्रीडासंचालक, माजी प्रशिक्षक, माजी खेळाडू असे लोक तिच्यात असतात. स्वतःच्या विद्यापीठाचा विषय निघाला की सदस्य खोलीबाहेर जातो. सदस्यांपुढे आकडेवारीचे ढीग असतात. प्रतिस्पर्धी किती अवघड होते, आपसातले निकाल, समान प्रतिस्पर्ध्यांविरुद्धची कामगिरी, गटविजेतेपद हे निकष लिहून ठेवलेले आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये बलाढ्य प्रतिस्पर्ध्यांशी खेळण्याचे मोल वाढवणारी नवी मोजमापेही जाहीर झाली. मात्र कोणत्या निकषाला किती वजन, हे लिहिलेले नाही. मतदान गुप्त असते.

तज्ज्ञांच्या चर्चेत एक शहाणपण असते हे नाकारता येणार नाही. कोणतेही सूत्र जे पाहू शकत नाही ते जाणत्या माणसाला दिसते. पण वजन न ठरवलेल्या निकषांची अडचण अशी की, प्रत्येक निर्णयाला कोणता तरी निकष सापडतोच. डिसेंबर २०२५ च्या त्याच शनिवारी अलाबामा आपल्या गटाच्या अंतिम सामन्यात जॉर्जियाकडून २८-७ असे हरले. तो त्यांचा तिसरा पराभव होता, तरी ते नवव्याच स्थानी राहिले. ब्रिघम यंग टेक्सास टेककडून ३४-७ असे हरले. त्यांचे दोन्ही पराभव त्याच एका संघाकडून झाले होते. ते मात्र अकराव्यावरून बाराव्या स्थानी गेले. दोन्ही निर्णयांसाठी स्वतंत्रपणे समर्थन देता येते. अलाबामाचे प्रतिस्पर्धी अधिक बलवान होते, हे त्यांतले एक. परंतु एकाच पराभवाला एकीकडे शून्य आणि दुसरीकडे एक स्थान अशी किंमत का, हे सांगणारी मोजपट्टी कुठेही उपलब्ध नाही. आणि ब्रिघम यंगच्या त्या एका स्थानाच्या घसरणीनेच नोटर डेमचे भवितव्य ठरले.

याचा परिणाम पुढच्या हंगामांवरही होतो. टेक्सास विद्यापीठाने हंगामाची सुरुवात ओहायो स्टेटसारख्या बलाढ्य संघाविरुद्ध केली आणि सामना १४-७ असा गमावला. अखेरीस नऊ विजय आणि तीन पराभवांसह ते बाहेर राहिले. त्या जागी एखादा दुबळा संघ बोलावला असता तर दहा विजय झाले असते, असा त्यांचा युक्तिवाद होता. तो पूर्ण मान्य होण्यासारखा नाही, कारण त्यांचे इतर पराभवही होते. पण तो ऐकून इतर विद्यापीठे काय शिकतील, हे उघड आहे. क्रमवारीची रीत जर खेळण्यापेक्षा न खेळणे फायद्याचे ठरवत असेल, तर संघ खेळणे टाळतील. जागतिक फुटबॉलनेही हा धडा घेतला आहे. फिफाच्या जुन्या पद्धतीत मैत्रीपूर्ण सामने खेळल्याने सरासरी घसरत असे. पोलंडने ते मोजकेच खेळून २०१८ च्या विश्वचषकात अव्वल मानांकन मिळवले. त्याच वर्षी फिफाने सूत्र बदलले.

लिहिलेल्या नियमाचे बळ

लिहिलेले नियम असले म्हणजे वाद मिटतात, असा दावा गोव्यात तरी कोणी करणार नाही. एप्रिल २०२५ मध्ये चर्चिल ब्रदर्सला आय-लीगचे विजेते घोषित करण्यात आले होते. खेळाडूंच्या पात्रतेच्या नियमांवरून उद्भवलेला वाद स्वित्झर्लंडमधील लोझान येथील क्रीडा लवादापर्यंत गेला आणि जुलैमध्ये विजेतेपद इंटर काशीला मिळाले. गोमंतकीयांना तो निकाल जिव्हारी लागला. मात्र त्या प्रकरणात प्रत्येक बाजूला बोट ठेवायला एक कलम होते, दाद मागायला एक जागा होती आणि निकालामागे कारणे होती. नोटर डेम किंवा फ्लोरिडा स्टेट यांना कोणत्या कलमावर बोट ठेवता आले असते? ज्या निर्णयाला मोजपट्टीच नाही, त्याविरुद्ध मोजमाप चुकल्याची तक्रारही करता येत नाही.

क्रिकेटमधले २०१९ च्या विश्वचषकाचे उदाहरण तर मायामी आणि नोटर डेम यांच्याशी थेट जुळते. साखळी फेरीअखेर न्यूझीलंड आणि पाकिस्तान यांचे प्रत्येकी ११ गुण झाले. पाकिस्तानने न्यूझीलंडला साखळीत हरवले होते. तरीही निव्वळ धावगतीच्या जोरावर न्यूझीलंड उपांत्य फेरीत गेले. आपसातला निकाल आधी पाहायला हवा होता, असे म्हणणारे तेव्हाही होते आणि त्यांचे म्हणणे वजनदार होते. पण बरोबरी झाल्यास काय पाहिले जाणार, हे स्पर्धेचा पहिला चेंडू पडण्यापूर्वी दोन्ही संघांना माहीत होते. नियम वाईट असू शकतो. तो सर्वांसाठी सारखाच वाईट होता. त्याच स्पर्धेचा अंतिम सामना चौकार-षटकारांच्या संख्येवर निकाली निघाला, त्यावर टीका झाली आणि त्याच वर्षी तो नियम बदलण्यात आला. उघड नियमाचा दोषही उघड असतो, म्हणून तो बदलता येतो.

अमेरिकेत मात्र प्रत्येक वादावर संघसंख्या वाढवण्याचा उपाय काढला गेला. दोनाचे चार झाले, २०२४ पासून चाराचे बारा झाले आणि सोळा किंवा चोवीस संघांचे प्रस्तावही चर्चेत आले. या उपायात तथ्य नाही असे नाही. अकराव्या संघावरचा अन्याय तिसऱ्या संघावरच्या अन्यायापेक्षा खचितच सौम्य असतो. २०१७ मध्ये सेंट्रल फ्लोरिडा विद्यापीठाने तेराही सामने जिंकले. शेवटच्या सामन्यात त्यांनी ऑबर्नला हरवले. त्याच ऑबर्नने त्या हंगामात अलाबामा आणि जॉर्जिया या दोन्ही अंतिम स्पर्धकांना पराभूत केले होते. दुबळ्या गटातला म्हणून या संघाला चारांत संधीच मिळाली नाही. आज तशा संघाला पाच गटविजेत्यांसाठी राखलेल्या जागांमुळे दार उघडे आहे. २०२५ मध्ये विसाव्या स्थानावरचे ट्युलेन आणि चोविसाव्या स्थानावरचे जेम्स मॅडिसन यांना याच नियमाने प्रवेश मिळाला. दोघेही पहिल्याच फेरीत हरले. तरीही त्यांच्या प्रवेशाला अन्याय म्हणता येत नाही, कारण गट जिंकल्यास काय मिळेल हे त्यांना आणि इतरांना ऑगस्टमध्येच ठाऊक होते. वाद राहिला तो उरलेल्या सात जागांचा, जिथे नियम नाही, मत आहे.

न्याय्य क्रमवारी कशी असावी, याचे उत्तर यातूनच हाती लागते. स्पर्धेत प्रवेश देण्यासाठी विचारायचा प्रश्न कमाईचा असावा, ताकदीच्या अंदाजाचा नव्हे. ताकद सिद्ध करण्यासाठीच तर स्पर्धा असते. प्रतिस्पर्ध्यांच्या बळाचा हिशेब प्रसिद्ध केलेल्या आणि कोणालाही ताडून पाहता येईल अशा सूत्राने व्हावा. त्यात बलवान संघाकडून झालेला पराभव दुबळ्याशी खेळणे टाळण्यापेक्षा महाग पडू नये. समान कामगिरीच्या संघांत आपसातला निकाल निर्णायक असेल, तर ते संघ शेजारी असोत वा नसोत, तो नेहमीच निर्णायक असावा. दर आठवड्याच्या यादीचा सोस सोडावा. अर्धवट हंगामावर बेतलेली यादी प्रेक्षकांना गुंतवून ठेवते, पण पुढच्या यादीला आधीच्या यादीचे ओझे वाहावे लागते. समितीला तरीही काम उरेल. जाणत्या माणसांनी हंगामाआधी बसून मोजपट्टी ठरवावी आणि हंगामानंतर तिचे दोष शोधून ती पुढच्या वर्षासाठी सुधारावी. निकाल हाती आल्यावर मात्र ती त्यांनी हातात घेऊ नये.

अशी रीत आल्यास २००१ च्या नेब्रास्कासारखे विचित्र निकाल अधूनमधून लागतील. ते सोसावे लागतील. ती किंमत आहे आणि ती आधीच मोजून ठेवलेली बरी.

१९ जानेवारी २०२६ रोजी इंडियाना विद्यापीठाने मायामीला २७-२१ असे हरवून सोळापैकी सोळा सामने जिंकत अजिंक्यपद मिळवले. त्या विजेत्याविषयी कोणताही वाद नाही. दहाव्या मानांकनावरून अंतिम फेरीपर्यंत मारलेल्या मजलीमुळे मायामीची निवड सार्थ ठरली, असेही आता म्हटले जात आहे. मायामीने टेक्सास ए अँड एम, ओहायो स्टेट आणि मिसिसिपी यांना नमवले, हे त्या खेळाडूंचे श्रेय आहे. समितीच्या निर्णयाचा तो पुरावा होऊ शकत नाही, कारण त्या जागी नोटर डेम खेळले असते तर काय झाले असते, हे आता कधीच कळणार नाही. ज्यांना खेळूच दिले नाही त्यांच्या बाजूने मैदानावर पुरावा तयार होत नसतो. म्हणून निवड न्याय्य होती की नाही, याचे उत्तर नंतरच्या निकालांत नव्हे, निवडीपूर्वी सांगितलेल्या निकषांतच शोधावे लागते. आणि ७ डिसेंबरच्या दुपारी ते निकष नोटर डेमच्या खेळाडूंना कोणी दाखवू शकत नव्हते.